कायमच्या दाताच्या मुळाची झीज

दुधाचा दात पडला की तो कौलांवर फेकण्याची रीत मुलांच्या परिचयाची आहे. असा दात हाती घेऊन पाहिल्यास त्यास मूळ जवळजवळ नसतेच. ते तुटलेले नसते. खालून येणाऱ्या कायमच्या दातास वाट मिळावी म्हणून शरीरातील पेशींनीच ते हळूहळू विरघळविलेले असते. ही योजना दुधाच्या दातापुरतीच इष्ट होय. कायमच्या दाताच्या मुळाशी तीच क्रिया सुरू झाली, तर तो दात गमावण्याची वेळ येते.

शाळेच्या दृष्टीने याचे महत्त्वाचे कारण म्हणजे खेळताना लागलेला मार. वरचे पटाशीचे कायमचे दात साधारणतः ७ ते ८ व्या वर्षी येतात व त्यांची मुळे पुरी होण्यास आणखी सुमारे ३ वर्षे लागतात. म्हणजे हा सारा काळ प्राथमिक शाळेतलाच. दात मुळासकट निखळला, की मुळावरील पातळ तंतुमय आवरणातील पेशी हवेने वाळून मरू लागतात. दात तासभर कोरडा राहिल्यास त्या वाचण्याची आशा फारशी उरत नाही. पुढे तो खोबणीत बसविला तरी शरीर त्या मुळास हाडच समजते आणि ते झिजवून त्या जागी हाड भरते. मुलांत हाडांची घडामोड जलद असल्याने ही झीजही मोठ्यांपेक्षा वेगाने होते. जबडा वाढतो, जखडलेला दात मात्र मागे राहतो व शेजारच्या दातांहून आखूड दिसू लागतो. दाताच्या आतील गर कुजल्यास होणारी झीज तर काही आठवड्यांतच मूळ पोखरते. वेदना बहुधा नसतात. झीज प्रथम क्ष-किरण चित्रातच दिसते.

यास्तव पहिल्या काही मिनिटांत मैदानावरील शिक्षक काय करतो, यास फार महत्त्व आहे. मूल बेशुद्ध असल्यास दाताचा विचार सोडून प्रथम वैद्यकीय मदत मिळवावी. एरवी दात शोधून वरच्या पांढऱ्या भागाकडून धरावा. मुळास बोट लावू नये. माती लागली असल्यास दुधाने हलकेच धुवावा. साबणाने चोळून, कागदात गुंडाळून दात घरी पाठविणे हा सद्‌हेतूने केलेला घातच होय. दात तत्काळ त्याच खोबणीत बसवून मुलास स्वच्छ रुमाल चावून धरावयास सांगावे. ते न साधल्यास दात थंड दुधाच्या पेल्यात ठेवावा. साधे पाणी त्यास मानवत नाही. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये, कारण आतील कायमच्या अंकुरास इजा पोहोचते.

त्यानंतर मुलास विनाविलंब दंतवैद्याकडे न्यावे. दात घट्ट बसला म्हणजे काम झाले, असे पालकांस वाटते. परंतु मुळाची तपासणी पुढे काही वर्षे करावी लागते, हे त्यांस त्याच दिवशी सांगावे.