लॅपटॉपचा पडदा : पिक्सेलांचे गणित आणि डोळ्यांचे

एकाच कंपनीचे, जवळजवळ एकाच नावाचे दोन लॅपटॉप समोर ठेवलेले असतात. प्रोसेसर तोच, मेमरी तीच, पडदाही दोहोंचा १४ इंचीच. एकाच्या माहितीपत्रकात रिझोल्युशन १९२० × १२०० लिहिलेले असते, दुसऱ्याच्या २८८० × १८००. आणि किमतीत काही हजारांचा फरक असतो. हे पैसे मोजावेत की नाही? दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : आकडा मोठा तो चांगला. वास्तविक या प्रश्नाचे शास्त्र आपण सर्वजण एम.बी.बी.एस.च्या वर्गात नेत्रविज्ञानाच्या तासाला शिकलो आहोत. ते येथे लावून पाहण्याचे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

रिझोल्युशन म्हणजे पडद्यावरील आडव्या व उभ्या ठिपक्यांची, अर्थात पिक्सेलांची संख्या. ही संख्या एकटी काहीच सांगत नाही. ती किती इंचांत बसवली आहे हे पाहावे लागते. १५.६ इंची पडद्यावर १३६६ × ७६८ असेल तर दर इंचास सुमारे १०० पिक्सेल येतात. १४ इंचीवर १९२० × १२०० असेल तर १६२, आणि २८८० × १८०० असेल तर २४३.

आता डोळ्याकडे वळू. स्नेलेन यांनी १८६२ साली जो तक्ता दिला, त्यातील ६/६ च्या ओळीचे अक्षर डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन करते आणि त्यातील प्रत्येक रेघ एक मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा. लॅपटॉप आपण साधारण ५० सेंटिमीटरवर ठेवतो. त्या अंतरावर एक मिनिटाचा कोन म्हणजे ०.१४५ मिलिमीटर. याहून लहान ठिपका सामान्य दृष्टीला सुटा दिसत नाही. वरील तीन पडद्यांवर एका पिक्सेलची रुंदी अनुक्रमे ०.२५, ०.१६ आणि ०.१० मिलिमीटर भरते. पहिल्यात ठिपके दिसतात, दुसऱ्यात जेमतेम सीमेवर आहेत, तिसऱ्यात ते दिसण्याचा प्रश्नच नाही. सीमेपलीकडचे पिक्सेल अगदीच वाया जातात असे मात्र नाही. तिरप्या रेषेतील सूक्ष्म पायरी ओळखण्याची डोळ्याची शक्ती एक मिनिटाहून पुष्कळच तीक्ष्ण असते.

पुष्कळांचा असा समज असतो की, पिक्सेल वाढले की पडद्यावर अधिक मजकूर मावेल. मावतो, पण अक्षरे इतकी बारीक होतात की आपल्या वयाच्या माणसाने ती वाचू नयेत. म्हणून विंडोजमध्ये अक्षरांचे प्रमाण वाढवावे लागते. १९२० × १२०० वर १२५ टक्के ठेवले तर कामास १५३६ × ९६० एवढी जागा उरते. २८८० × १८०० वर २०० टक्के ठेवले तर १४४० × ९००. म्हणजे महागड्या पडद्यावर जागा किंचित कमीच! मग मिळते काय? रेखीवपणा. विंडोजमधील नेहमीचे अक्षर दोन्ही पडद्यांवर साधारण अडीच मिलिमीटरच्या आसपास बसते, पण पहिल्यावर ते १५ पिक्सेलांत रचलेले असते आणि दुसऱ्यावर २४.

रोमन लिपीला १५ पुरतात. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, मात्रेवर अनुस्वार, खाली उकार किंवा रकार, मध्ये जोडाक्षर, एवढा संसार त्याच उंचीत मांडायचा असतो. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला भेद एखाददुसऱ्या पिक्सेलावर येऊन ठेपतो. इंदुरात आपण पालकांना सूचना हिंदीत देतो आणि मंडळाचे इतिवृत्त मराठीत लिहितो. लिपी दोन्हीकडे हीच.

बालरोगतज्ज्ञाला याहून मोठी धास्ती दशांशचिन्हाची असते. लहान अक्षरात ते एक-दोन पिक्सेलांचे असते. २.५ मिली आणि २५ मिली यांत तेवढाच ठिपका आहे, आणि मात्रा आठ किलोच्या बाळाची आहे. येथे पडद्याच्या रेखीवपणाइतकीच लिहिण्याची शिस्तही महत्त्वाची : अपूर्णांकापूर्वी शून्य लिहावे (०.५), पूर्णांकापुढे लिहू नये (५.० नव्हे).

क्ष-किरण प्रतिमांसाठी मोठे रिझोल्युशन हवेच, असे काहीजण म्हणतात. सीटी स्कॅनचा एक छेद सामान्यतः ५१२ × ५१२ पिक्सेलांचाच असतो. तो कोणत्याही पडद्यावर पूर्ण मावतो. छातीचा डिजिटल एक्स-रे मात्र दोन-अडीच हजार पिक्सेलांचा असतो आणि तो छोट्या पडद्यावर आक्रसून दिसतो. तथापि तेथे करड्या छटांतील भेद दिसणे अधिक मोलाचे, आणि त्यासाठी रेडिओलॉजिस्टकडे प्रमाणित केलेला मॉनिटर असतो. लॅपटॉपवर आपण पाहावे, अंतिम निदान तेथे करू नये. नवजात बालकाची कावीळ छायाचित्रावरून जोखण्याचा मोहही टाळावा, बिलिरुबिन तपासावे.

माझे मत विचाराल तर १३६६ × ७६८ आज घेऊच नये. उरलेल्या दोहोंत, ज्यांचे बहुतांश काम इंग्रजीत आहे त्यांना १९२० × १२०० पुरे. वाचलेल्या पैशांत अधिक प्रकाशमान पडदा पाहावा. स्वस्त पडदे २५० निट्सचे व रंगांनी फिके असतात. ३०० ते ४०० निट्स आणि १०० टक्के एसआरजीबी असे लिहिलेले असेल तर उत्तम. देवनागरीत रोज लिहिणाऱ्यांनी व तासन्‌तास वाचणाऱ्यांनी मोठे रिझोल्युशन घेण्यास हरकत नाही, मात्र त्याने बॅटरी लवकर उतरते हे धरून चालावे. नाव एक असूनही आत निराळा पडदा असू शकतो, म्हणून पावतीवरील पूर्ण मॉडेल क्रमांक ताडून घ्यावा.

आणखी एक. आपला चाळिशीचा चष्मा बहुधा ३५ ते ४० सेंटिमीटरसाठी दिलेला असतो आणि पडदा असतो ५० ते ६० वर. हा हिशेब जुळत नसेल तर कोणतेही रिझोल्युशन धूसरच दिसणार. तेव्हा दुकानात जाताना चष्मा बरोबर न्यावा, आपल्याच हातचा एक देवनागरी मजकूर व औषधांच्या मात्रांचा एक तक्ता पेन ड्राइव्हवर घ्यावा, आणि दोन्ही लॅपटॉपवर तो अक्षरांचा आकार सारखा करून, खुर्चीत बसून वाचून पाहावा. उभ्याने वाकून पाहिलेला पडदा आणि टेबलाशी बसून पाहिलेला पडदा यांत पुष्कळ अंतर असते.