बॅटरी बदलण्यापूर्वी : वाहनातील चार्जिंग-दोषाचे निदान

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणासाठी आम्ही आदिलाबाद जिल्ह्यात असताना एके सकाळी गाडी सुरू होईना. गॅरेजमध्ये ‘बॅटरी संपली’ असे सांगण्यात आले आणि नवी बॅटरी बसविण्यात आली. तिसऱ्या दिवशी नव्या बॅटरीचीही तीच गत झाली. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रति सापळा ८ पतंग आढळल्यास बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे आपण मानतो. त्या दिवशीची नोंद हुकली आणि मालिकाच तुटली. शेतकऱ्यांना वेळेवर सल्ला देता आला नाही.

कपाशीची पाने लाल पडली की तो तुडतुड्यांचाच प्रादुर्भाव असतो असे नाही. नत्राची वा मॅग्नेशिअमची कमतरता, थंडी अशी कारणेही असू शकतात. वाहनाचेही तसेच आहे. उतरलेली बॅटरी हे लक्षण होय, कारण नव्हे. कारण शोधण्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि क्रमाने केलेली तपासणी पुरेशी असते. पुढील आकडे १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचे असून कार, जीप व बहुतेक ट्रॅक्टरना लागू पडतात.

कार्यपद्धती

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो. त्यातील डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात व रेग्युलेटर व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. इंजिन सुरू करण्याचे काम बॅटरीचे; त्यानंतर वाहनाची विजेची गरज भागविणे व बॅटरी पुन्हा भरणे हे अल्टरनेटरचे काम.

तपासणीचा क्रम

१. निरीक्षण : इंजिन बंद असताना पट्ट्याचा ताण, त्यावरील भेगा व तेलाचे डाग पाहावेत. बॅटरीच्या टर्मिनलवरील पांढरट-हिरवट थर स्वच्छ करून जोड घट्ट करावेत. चावी फिरविताच बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. अनेक वाहनांत अल्टरनेटरला आरंभीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. म्हणून दिवा मुळीच लागत नसेल तर प्रथम बल्ब, फ्यूज व ती वायर तपासावी.

२. विश्रांत बॅटरी : वाहन काही तास उभे राहिल्यावर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांमधील व्होल्टेज मोजावे. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी आणि १२.० पेक्षा कमी म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी आधी बाहेरील चार्जरने भरून घ्यावी, मगच पुढे जावे.

३. इंजिन सुरू असताना : याच ठिकाणी साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. आकडा वाढलाच नाही तर चार्जिंग होत नाही. तो १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर सदोष असण्याची शक्यता असते. अशा वेळी बॅटरीतील पाणी वेगाने आटते. त्यानंतर हेडलाइट व पंखा लावून इंजिनचा वेग थोडा वाढवावा. आकडा १३ च्या आसपास घसरत असेल तर पट्टा, वायर किंवा अल्टरनेटर यांपैकी कोठेतरी दोष आहे. काही नव्या वाहनांत संगणकच हे व्होल्टेज कमी-अधिक करतो. तेथे वाहनाच्या पुस्तिकेतील आकडे प्रमाण मानावेत.

४. वाटेतील घट : ही पायरी बहुधा वगळली जाते. इंजिन व दिवे सुरू ठेवून मीटरची एक तार अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवर व दुसरी बॅटरीच्या धन टर्मिनलवर टेकवावी. नंतर अल्टरनेटरचे धातूचे अंग व बॅटरीचे ऋण टर्मिनल यांमध्ये मोजावे. प्रत्येक ठिकाणी घट ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत चालते; अधिक असल्यास वायर वा जोड खराब आहे.

५. रात्रीची गळती : वरील सर्व ठीक असूनही बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर वाहन बंद असतानाही वीज वापरली जात आहे. बॅटरीची ऋण तार काढून मीटर १० अ‍ॅम्पिअरच्या जागी लावून प्रवाह मोजावा. काही वेळाने तो साधारण ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत स्थिरावला पाहिजे. या जोडणीत इंजिन सुरू करू नये. एकेक फ्यूज काढून गळतीचा मार्ग सापडतो. अल्टरनेटरचा बिघडलेला डायोड हेही एक कारण असते.

आमच्या वाहनातील दोष

दिवे लावून मोजले असता अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट, तर बॅटरीवर केवळ १२.९ व्होल्ट मिळाले. ऋण बाजूची घट ०.१, धन बाजूची मात्र १.२ व्होल्ट होती. ती वायर सोडवून पाहिली तेव्हा उंदराने कुरतडलेली आढळली. मोजक्याच तारा शाबूत होत्या आणि त्यांवरही हिरवा गंज चढला होता. गाडी धान्याच्या गोदामाशेजारी उभी राहत असे. अल्टरनेटर वीज निर्माण करीत असल्याने डॅशबोर्डवरील लाल दिवा विझलेलाच राहिला व आम्ही निर्धास्त राहिलो. दोष वायरचा होता, किंमत मात्र बॅटरीची मोजावी लागली. पिकांवरील किडींचा शोध घेणाऱ्यांनी स्वतःच्या गाडीचे बॉनेट उघडून पाहिले नव्हते.

दक्षता

• अल्टरनेटर तपासण्यासाठी सुरू इंजिनवर बॅटरीची तार कधीही काढू नये. व्होल्टेज एकदम उसळून डायोड व इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.
• अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलमध्ये इंजिन बंद असतानाही वीज असते. वायर सोडविण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी.
• चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ ठिणगी वा विडी-सिगारेट नसावी.
• सुरू इंजिनजवळ उपरणे, ओढणी वा सैल बाही पट्ट्यापासून दूर ठेवावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी हंगाम सुरू होण्यापूर्वी पहिल्या चार पायऱ्यांची तपासणी करून आकडे वहीत तारखेसह नोंदवावेत. पुढील वेळी आकडा बदललेला दिसला, तर वाहन बंद पडण्याआधीच दोष लक्षात येईल.