मेमरी रिकामी करण्याचा हट्ट

जळगावच्या डाळ गिरण्यांत दाणा पारखणारी कॅमेऱ्याची यंत्रे आता नवलाची राहिली नाहीत. तशाच एका यंत्राच्या लिनक्स ड्रायव्हरचे काम धुळ्याच्या एका कारखानदाराने मजकडे सोपविले, आणि त्यापायी झालेला मनस्ताप निदान याच वाटेने जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे नमूद करीत आहे.

यंत्र काही काळ चालले, की चित्रांसाठी लागणारी सलग मेमरी मिळेनाशी होई. 'फ्री'चा आकडा उतरलेला पाहून, कॅशेनेच सारी मेमरी गिळली असा निवाडा तेथील व्यवस्थापकांनी परस्पर केला, आणि ड्रायव्हरनेच ती वरचेवर रिकामी करावी असा तगादा लावला. मी लेखी नकार दिला, तेव्हा 'जमत नाही असे सांगा ना!' असे सुनावून त्यांनी ते काम दुसऱ्याकडून उरकून घेतले. त्या गृहस्थाने, कर्नेलने ड्रायव्हरांना मुद्दाम खुले न केलेले, कॅशे सोडविणारे फंक्शन नावावरून हुडकून थेट टायमरमधून चालविले.

मला पुन्हा पाचारण झाले तेव्हा लॉगमध्ये 'शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक' ही ओळ सारखी उमटत होती. कारण ते फंक्शन मध्येच झोपू शकते आणि टायमरला झोपण्याची मुभा नसते. शेजारी यंत्र अडखळत होते, काळपट दाणे बिनदिक्कत चांगल्या पोत्यात पडत होते. 'मेमइन्फो' उघडून दाखविली: 'मेमफ्री' तुटपुंजी, पण 'मेमअव्हेलेबल' मुबलक. कोठारात कोपरे कितीही मोकळे असले तरी लांब तुळई ठेवण्यास सलग जागाच हवी. तुटवडा होता तो त्या सलगतेचा. व्यवस्थापक गप्प राहिले. यंत्र बंद पडल्याची नुकसानी मात्र माझ्याच बिलातून वळती झाली, हे मी विसरलेलो नाही.

कॅशे सोडविण्याची 'ड्रॉप कॅशेस' ही सोय कर्नेलच्या २.६.१६ आवृत्तीपासून आहे, पण ती चाचणीपुरती. डिस्कवर न उतरलेली पाने तिने सुटत नाहीत, म्हणून आधी 'सिंक' करावे लागते. ड्रायव्हरचा स्वतःचा साठा असेल तर 'श्रिंकर' नोंदवावा, म्हणजे तंगी पडताच कर्नेलच मागणी करतो. मोठा सलग बफर 'प्रोब'च्या वेळीच घ्यावा व अखेरपर्यंत धरून ठेवावा, अथवा २०१२ च्या ३.५ मध्ये आलेल्या 'सीएमए'तून जागा राखून ठेवावी. नावावरून पत्ता हुडकण्याची ती पळवाटही २०२० च्या ५.७ पासून मॉड्यूलांना बंद झाली आहे. बाकी, आधी मोजावे, मग बदलावे.

आणि नकार दिलात तर त्याची पोच सहीशिक्क्यानिशी घ्या. हिशेबाच्या वेळी तोंडी बोलणे कोणीही कबूल करीत नाही.