गोंदावर उगवलेला स्फटिक

पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतला कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत आहे. पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेला त्याचा गडद निळा गोळा पाहून माणूस हरखतो, आणि हरखलेल्या गिऱ्हाइकाला गंडवणं सोपं. मला विकलेल्या नमुन्यातल्या एका गोळ्याच्या बुडाशी भिंगातून गुळगुळीत, पारदर्शक कड दिसली. आत हवेचा बुडबुडा अडकलेला. गोळा खरा, खालचा दगडही खरा. दोघांची गाठ मात्र विक्रेत्याच्या टेबलावर पडलेली. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "खाणीतून असंच आलंय, साहेब."

तेव्हापासून खरेदीला जाताना खिशात दहापट भिंग आणि अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च असतो. अंधारात टॉर्च मारला की पुष्कळसे गोंद निळसर पांढरे चमकतात. पण कॅल्साइटसारखी काही खनिजंही चमकतात, म्हणून टॉर्चने संशय घ्यावा आणि निकाल भिंगावर सोडावा. नजर सांध्यावर ठेवा. जागेवर वाढलेला स्फटिक शेजाऱ्यांत रुतलेला असतो; चिकटवलेल्याच्या भोवती बहुधा दगडाचा चुरा भुरभुरलेला सापडतो. आणि गुलाबी, हिरवा ओकेनाइट कुणी दाखवला तर सरळ पुढे चला, तो रंगात बुचकळलेला आहे.

खरा ओकेनाइट पांढरा, सावरीच्या कापसासारखा लवदार. त्याला बोट लावायचंच नाही. एकदा दबलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत. आपल्याकडच्या काळ्या कातळातली ही खनिजं मुळात पाण्याची लेकरं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून झिओलाइट जमले. लोमोन्टाइट तर कोरड्या हवेत आपलं पाणी सोडतो आणि कपाटातल्या कपाटात त्याचा भुगा होतो. संडास धुवायच्या ॲसिडने नमुने 'लख्ख' करणारे बहाद्दर मी पाहिलेत. त्या ॲसिडने कित्येक झिओलाइट विरघळतात किंवा त्यांचा लिबलिबीत थर होतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे, तेही दणकट नमुन्यांनाच.

पायराइटची तऱ्हा लोमोन्टाइटच्या उलटी. दमट हवेत तो सडतो, त्यातून सल्फ्युरिक आम्ल निघतं आणि शेजारची लेबलं, पुठ्ठ्याची खोकी खाऊन टाकतं. पावसाळ्याआधी त्याला हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. ॲमेथिस्ट खिडकीत शोभतो खरा, पण उन्हाने त्याचा जांभळा रंग विटतो.

खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका आणि सुरुंगाची वेळ विचारून घ्या. हातोडी मारताना डोळ्यांवर गॉगल हवाच. बेसाल्टची कपची डोळ्यात गेली तर डोळा जातो. घरात लहान मुलं असतील तर शिशाचं गॅलेना आणि पाऱ्याचं सिनाबार कुलपात ठेवा. ती हाताळल्यावर हात धुवा.

लेबलाचा मात्र आळस नको. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1850च्या दशकात नागपूरच्या परिसरातले गोगलगायींचे जीवाश्म जमवले. तिथल्याच टाकळी गावच्या थरांचं नाव आजही भूविज्ञानात घेतलं जातं, ते गाव आणि थर नोंदले गेले म्हणून. आपण मागे ठेवलेले बिननावाचे दगड घरचे लोक कुंड्यांत घालणार, यात त्यांचा काय दोष? तेव्हा या रविवारी कपाट उघडा आणि प्रत्येक नमुन्याखाली गाव, खाण, तारीख लिहा. शाईच्या पेनाने नको, पेन्सिलीने. ती ओलीने फुटत नाही.