दिव्यांग बालकाच्या पालकांची निद्रा : एक दुर्लक्षित प्रश्न

दिव्यांग बालकांच्या कल्याणाचा विचार होतो तेव्हा शिक्षण, उपचार, साहाय्यक उपकरणे आणि अर्थसाहाय्य यांची चर्चा सर्वत्र होते. या विषयावरील माहितीपत्रकांत मूल असते, शाळा असते, प्रमाणपत्र मिळविण्याची रीत असते. त्या मुलाच्या घरातील रात्र मात्र कोठेच नसते. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, अपस्मार किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या कितीतरी माता वर्षानुवर्षे सलग चार तासही झोपलेल्या नसतात. तान्ह्या मुलाची आईही जागते, परंतु ते जागरण काही महिन्यांत सरते. येथे मूल बारा वर्षांचे होते, त्याला कुशीवर वळविणे एकटीला जड जाऊ लागते आणि रात्रीचे उठणे चालूच राहते.

प्रौढ व्यक्तीला दररोज किमान सात तास निद्रा आवश्यक असते. ती तुकड्यातुकड्यांनी मिळाली तर घड्याळाचा हिशेब पुरा होतो, शरीराचा होत नाही. निद्रेचे एक आवर्तन सुमारे नव्वद मिनिटांचे असते आणि शरीराची झीज भरून काढणारी गाढ निद्रा प्रामुख्याने पहिल्या एक-दोन आवर्तनांत येते. दर तासाला उठावे लागणाऱ्या आईच्या वाट्याला ती फारच थोडी येते. चिडचीड, विस्मरण, डोकेदुखी, पुढे उच्च रक्तदाब व नैराश्य ही त्याची फळे होत. आईचा स्वभाव बिघडला, असे घरातील मंडळी म्हणतात. तिची झोप बिघडली आहे, हे कोणी म्हणत नाही.

यातील धोका केवळ आईपुरता नाही. सलग सतरा ते एकोणीस तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची गती १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकासाठी घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. रात्रभर जागून सकाळी मुलाला स्कूटरवर पुढे उभे करून शाळेत पोचविणाऱ्या पित्याने आणि अपस्माराच्या औषधाचे थेंब मोजणाऱ्या मातेने हा आकडा ध्यानात ठेवावा.

मूल झोपत नाही ते का, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. ‘अशी मुले झोपत नाहीतच’ असे म्हणून तो मिटविला जातो आणि तेथेच पुष्कळसे नुकसान होते. निद्रानाश हा दिव्यांगत्वाचा अटळ भाग नव्हे; बहुधा त्यामागे एखादे ठराविक कारण असते आणि ते शोधता येते. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाचे स्नायू आखडतात, खुब्याचा सांधा सरकलेला असू शकतो, त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही. त्याचे रात्रीचे रडणे हे वेदनेचे रडणे असू शकते. बद्धकोष्ठ आणि पोटातील आम्ल घशाशी येणे ही कारणेही अशा मुलांत वारंवार आढळतात. आडवे केल्यावर रडणारे व उचलताच शांत होणारे मूल ‘लाडावलेले’ ठरविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत श्वासमार्ग अरुंद आणि स्नायू सैल असल्याने निद्रेत श्वास अडण्याचा विकार पुष्कळ आढळतो. घोरणे, मान मागे टाकून झोपणे, रात्री दरदरून घाम येणे ही त्याची चिन्हे होत. अशा प्रत्येक मुलाची निद्रातपासणी वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत व्हावी, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण, हा आपल्याकडील समज या मुलांच्या बाबतीत घातक ठरतो.

ज्या मुलास प्रकाशाची जाणीवच नाही, त्याचे प्रकरण निराळे आहे. माणसाच्या शरीरातील घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठ्या दिवसाचे असते; रोजचा सूर्यप्रकाश ते पुन्हा जागेवर आणून ठेवतो. प्रकाशच पोचत नसेल तर मुलाची रात्र दररोज थोडीथोडी पुढे सरकत जाते आणि काही आठवडे ते दिवसा झोपते, रात्री जागते. हा हट्ट नव्हे. जेवण, स्नान, शाळा यांच्या नियमित वेळा अशा मुलाला सूर्याच्या ठिकाणी असतात. स्वमग्न मुलांतही झोप येण्यास विलंब लागणे व पहाटे लवकर जाग येणे सामान्य आहे. पाय सतत हलविणाऱ्या मुलाच्या रक्तातील लोहाचे प्रमाण तपासावे.

कारण कोणतेही असो, काही गोष्टी घरात करता येण्याजोग्या आहेत. काळोख पडला की मेंदूतील एका ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचा स्राव सुरू होतो आणि शरीराला रात्र झाल्याची सूचना मिळते. दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी यांचा प्रकाश ही सूचना लांबवितो. म्हणून निजण्यापूर्वी तासभर दिवे मंद करावेत आणि रोज त्याच क्रमाने तीच कामे करावीत : हातपाय धुणे, कपडे बदलणे, तेच गाणे, तेच पांघरूण. बोलून न समजणाऱ्या मुलालाही क्रम समजतो.

पाश्चात्त्य पुस्तकांत मुलाला स्वतंत्र खोलीत निजविण्याचा उपदेश असतो. आपल्याकडे एकाच खोलीत जमिनीवर अंथरूण घालून सारे कुटुंब झोपते. तो उपदेश येथे निरुपयोगी आहे आणि अपस्माराचे झटके येणाऱ्या मुलाच्या बाबतीत जवळ कोणी असणे इष्टच होय. मात्र त्या पुस्तकांतील एक निरीक्षण उपयोगी आहे. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आपण सर्वच क्षणभर जागे होतो व पुन्हा झोपतो. जे मूल आईने थोपटल्यावरच झोपते, ते अशा प्रत्येक क्षणी तो हात शोधते. थोपटणे एकदम थांबवू नये. आधी हात नुसता ठेवावा, काही दिवसांनी शेजारी बसावे, नंतर थोडे दूर. यास आठवडे लागतात आणि मध्येच ताप आला की सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

झोपेचे औषध हा विषय नाजूक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. ती गोळी मागे पडली, परंतु खोकल्याचे गुंगी आणणारे औषध ‘थोडेसे’ पाजण्याचा मोह अद्याप होतो. श्वास अडण्याचा विकार असलेल्या मुलात त्याचा परिणाम भयंकर होऊ शकतो. मेलाटोनिनच्या गोळ्या काही मुलांना उपयोगी पडतात. मात्र मात्रा आणि वेळ डॉक्टरांनीच ठरवावी. अपस्माराच्या काही औषधांनी झोप वाढते, तर काहींनी उडते. म्हणून दोन आठवडे एका साध्या वहीत निजण्याची वेळ, उठण्याच्या वेळा, औषधे, झटके व शौच यांची नोंद ठेवून ती वही तपासणीस न्यावी. ‘रात्रभर झोपत नाही’ या वाक्यापेक्षा डॉक्टरांना तिचा उपयोग अधिक होतो.

आता पालकांच्या झोपेविषयी. दोघेही अर्धवट जागे राहण्यापेक्षा रात्र वाटून घेणे हितावह असते. एकाने साडेनऊपासून दोनपर्यंत झोपावे, दुसऱ्याने दोनपासून साडेसहापर्यंत. ज्याची पाळी नाही त्याने शक्य तर दुसऱ्या खोलीत अथवा पडवीत निजावे. प्रत्येकाला साडेचार तास सलग मिळतात आणि गाढ निद्रा त्यात बसते. ‘यांना सकाळी कामावर जायचे असते’ हे कारण घरोघरी ऐकू येते. आईलाही सकाळी कामच असते, फक्त हजेरीपट नसतो. जेथे माता एकटी आहे तेथे मूल शाळेत असताना वीस-तीस मिनिटे झोपणे हे पहिले काम समजावे. भांडी थांबू शकतात.

नोकरदार पालकांसाठी काही तरतुदी आहेत. केंद्र शासनाच्या सेवेतील स्त्रियांना, तसेच डिसेंबर २०१८ पासून एकल पुरुष पालकांना, ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या अपत्यासाठी वयाची अट नाही. अशा अपत्याची देखभाल करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास नेहमीच्या फेरबदल्यांतून २०१४ च्या आदेशान्वये सूट आहे. हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात, दिव्यांग मुलाच्या मातेस अशी रजा नाकारणे योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तीसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेख आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे विमासंरक्षण मिळते. मनाचा भार असह्य झाल्यास ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

तथापि रजा आणि भत्ता यांनी रात्रीचे दोन वाजता कोणी मुलाला धरत नाही. त्यासाठी मावशी, आत्या, आजोबा, शेजारीण यांपैकी एकाला तयार करावे लागते. नातलग बहुधा नकार देतात ते अनिच्छेने नव्हे, भीतीने : ‘मध्येच काही झाले तर?’ म्हणून प्रथम दिवसा, आई घरातच असताना, त्यांना तासभर मुलापाशी बसवावे. घास किती घट्ट द्यावा, कोणत्या कुशीवर निजवावे, कोणते औषध केव्हा, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटावर चिकटवावे. त्याच कागदावर हेही असावे : झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, मानेभोवतीचे कपडे सैल करावेत, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये, वेळ घड्याळात पाहावी, आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.