तोकडे गुण आणि वैद्यकशिक्षणाची वाट

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकातून बाहेर पडले की रस्त्यापलीकडे शासकीय सामान्य रुग्णालयाच्या इमारती दृष्टीस पडतात. त्यांच्याच शेजारी १८३५ साली स्थापन झालेले मद्रास मेडिकल कॉलेज आहे. रुग्णालयात कोणालाही जाता येते; महाविद्यालयाच्या दारातून आत जाणे मात्र फार थोड्यांच्या वाट्यास येते. निकालाच्या दिवशी ज्यांचे गुण तोकडे पडतात, अशा मुलामुलींनी व त्यांच्या पालकांनी पुढची वाट कशी निवडावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. हा निर्णय बहुधा घाईत, लाजेच्या भरात आणि पुष्कळदा कर्ज काढून घेतला जातो. म्हणून तो शांतपणे समजून घेणे अगत्याचे आहे.

मोजमाप बदलत असते

गुण कमी पडले, असे म्हणताना ते कोणत्या मापाने कमी पडले, हे प्रथम विचारले पाहिजे. मद्रास इलाख्यात एके काळी वैद्यकाच्या दोन वाटा होत्या. एक विद्यापीठाच्या पदवीची आणि दुसरी एल.एम.पी. या परवान्याची. रायपुरम येथील ज्या वैद्यकीय शाळेतून पुढे १९३८ मध्ये स्टॅन्ले मेडिकल कॉलेज उभे राहिले, ती या दुसऱ्या वाटेवरची शाळा होती. सर्व डॉक्टरांसाठी एकच मूलभूत पदवी असावी, असे भोर समितीने १९४६ मध्ये सुचविले आणि पुढे ही आखूड वाट बंद झाली.

एकच दार उरल्यावर त्या दारावरील निकषांचा वाद न्यायालयात जाऊ लागला. मद्रासमधील जातवार जागावाटप सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द ठरविले, आणि त्यातूनच संविधानाची पहिली दुरुस्ती झाली. जिल्हावार वाटप १९६८ मध्ये रद्द झाले. महाविद्यालयांच्या गटांनुसार निवड करण्याची पद्धत १९७० मध्ये पेरियकरुप्पन खटल्यात टिकली नाही. १९८४ पासून तमिळनाडूत बारावीच्या गुणांच्या जोडीला राज्याची प्रवेशपरीक्षा आली; २००६ च्या कायद्याने ती गेली आणि केवळ बारावीचे गुण पाहिले जाऊ लागले. २०१७ पासून नीट ही राष्ट्रीय परीक्षा राज्याच्या जागांनाही लागू झाली.

त्याच वर्षी बारावीत १२०० पैकी ११७६ गुण मिळविणाऱ्या एका मजुराच्या मुलीला नीटमध्ये ७२० पैकी ८६ गुण मिळाले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही वाट मोकळी झाली नाही, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तिने आपले जीवन संपविले. एका मापाने जी विद्यार्थिनी अग्रभागी होती, ती दुसऱ्या मापाने मागे पडली होती. दोन मापांच्या मधल्या काही महिन्यांत तिची बुद्धी कमी झालेली नव्हती. निकालपत्र हाती घेताना प्रत्येक पालकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

गुण कोठे गेले?

मापाबद्दल तक्रार असली तरी प्रवेश त्याच मापाने मिळावयाचा असतो. म्हणून पहिले काम म्हणजे गुणांचा हिशेब. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न होते. बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. भौतिकी व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५, तर जीवशास्त्राचे ९० प्रश्न. म्हणजे एकूण गुणांपैकी निम्मे एकट्या जीवशास्त्राचे. समजा, एका विद्यार्थ्याने १२० प्रश्न सोडविले. त्यांपैकी ७० बरोबर आले व ५० चुकले. त्याला २८० मधून ५० वजा जाऊन २३० गुण मिळतील. चुकलेल्या ५० पैकी निम्मे प्रश्न जरी पुढच्या खेपेस बरोबर आले, तरी प्रत्येकी पाच गुणांची भर पडून १२५ गुण वाढतात.

हे निम्मे प्रश्न सुधारता येतील काय, हे पाहण्यासाठी चुकांचे चार रकाने करावेत: जे वाचलेच नव्हते, जे वाचून विसरले, ज्यात आकडेमोड चुकली आणि जे घाईत चुकले. पहिले दोन रकाने भरले असतील, तर वर्षभराच्या नियमित अभ्यासाने पुष्कळ फरक पडू शकतो. परंतु भौतिकीचा पायाच कच्चा असेल, तर केवळ सराव-प्रश्नपत्रिका सोडवून तो पक्का होत नाही. नववी-दहावीच्या पुस्तकांपर्यंत मागे जावे लागते. एक वर्ष थांबावयाचे ते या हिशेबावर. शेजाऱ्याचा मुलगा थांबला म्हणून नव्हे.

थांबणे सर्वांना सारखेच परवडते, असेही नाही. न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ च्या अहवालात नोंदविले की, नीटनंतर प्रवेश मिळविणाऱ्यांत पुन्हा परीक्षेस बसलेल्यांचे प्रमाण फार वाढले. शिकवणीची फी आणि एका वर्षाची मिळकत ज्या घराला सोडता येते, त्या घरातील मुलाला हे दुसरे वर्ष मिळते.

आपल्या हक्काची दारे

दुसरे काम म्हणजे आपण कोणत्या रांगेत उभे आहोत, हे ओळखणे. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय वाट्यास जातात. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या असून त्यांची यादी किल्पॉक येथील निवड समिती लावते. त्यांवर तमिळनाडूचे ६९ टक्के आरक्षण लागू आहे. शिवाय २०२० च्या कायद्याने, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी साडेसात टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. त्यापूर्वी या शाळांतून वैद्यकाला जाणारी मुले बोटांवर मोजावी इतकीच असत; पहिल्याच वर्षी एम.बी.बी.एस.च्या तीनशेहून अधिक जागा त्यांना मिळाल्या. त्यांची फीही राज्य सरकार भरते. त्यामुळे वर्गमित्राच्या गुणांशी आपले गुण ताडून निराश होण्याआधी आपल्या रांगेतील मागील वर्षांचे अखेरचे गुण पाहावेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परीक्षेत ‘पात्र’ ठरणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. पात्रतेची रेषा बरीच खाली असते. ती रेषा ओलांडल्याने खासगी महाविद्यालयाचा किंवा परदेशाचा मार्ग मोकळा होतो, आणि नेमक्या याच ठिकाणी पैशाचा मोह व दलालांची गोड भाषा सुरू होते.

परदेशी जाणाऱ्यालाही नीटची पात्रता लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे तेथील शिक्षण किमान ५४ महिन्यांचे व इंग्रजी माध्यमातून असावे लागते. तेथे एक वर्ष आणि भारतात एक वर्ष आंतरवासिता करावी लागते. परतल्यावरच्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण मिळविल्यावाचून येथे व्यवसाय करता येत नाही. अलीकडच्या अनेक सत्रांत त्या परीक्षेत निम्म्याहून कितीतरी अधिक उमेदवार अनुत्तीर्ण झाले आहेत. जमीन गहाण टाकण्यापूर्वी घराने ही एक ओळ मोठ्याने वाचावी. कच्चा राहिलेला पाया परदेशात गेल्याने आपोआप भरून निघत नाही.

शेजारच्या वाटा

पहिल्या वाटेला लागून दुसऱ्याही वाटा आहेत. सिद्ध वैद्यकाचे शिक्षण चेन्नईत अरुंबाक्कम येथे व दक्षिणेस पाळयंकोट्टै येथे मिळते. त्यालाही नीट लागते. १९०३ साली सुरू झालेल्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात राज्याच्या जागा मात्र बारावीच्या गुणांवर भरल्या जातात. परिचर्येच्या पदवीचीही राज्यात तीच रीत आहे. ज्याचे बारावीचे गुण चांगले असून नीटचे गुण तोकडे आहेत, त्याला या वाटा विशेष अनुकूल ठरतात.

मात्र या वाटेवर ‘तात्पुरते’ म्हणून पाऊल ठेवू नये. जनावरांची सेवा मनापासून आवडत नसेल, तर पाच-साडेपाच वर्षे कुढत काढावी लागतील आणि एका होतकरू विद्यार्थ्याची जागाही अडेल. आपल्याला रुग्णाची सेवा करावयाची आहे की नावापुढे ‘डॉक्टर’ ही उपाधी हवी आहे, हा प्रश्न ज्याने स्वतःशी प्रामाणिकपणे सोडविला, त्याची निवड सोपी होते.

शेवटी पालकांसाठी एक सूचना. दुसऱ्या प्रयत्नाचा निश्चय करतानाच, तो फसला तर काय करावयाचे हेही त्याच दिवशी, मुलाला जवळ बसवून ठरवावे. दुसरी वाट आधीच ठाऊक असलेला विद्यार्थी परीक्षेच्या दालनात अधिक निर्भय मनाने बसतो. आणि निकाल काहीही लागला तरी घराचे दार आपल्यासाठी उघडे आहे, हे त्याला आधीच ठाऊक असते.