सौरदिवे आणि ग्रामसमिती

राजस्थानातील तिलोनिया येथे १९७२ साली बंकर रॉय यांनी स्थापन केलेली संस्था पुढे ‘बेअरफूट कॉलेज’ या नावाने प्रसिद्ध झाली. निरक्षर ग्रामीण स्त्रियांना सौरदिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकविण्याचे कार्य तिने हाती घेतले. सुटे भाग रंगांवरून ओळखावयाचे व प्रत्यक्ष हाताळून काम शिकावयाचे, अशी ही सहा महिन्यांची पद्धती होय. शिकलेला तरुण प्रमाणपत्र घेऊन शहराची वाट धरतो. मध्यमवयीन स्त्री मात्र बहुधा गावातच राहते. म्हणून निवडीत तिला प्राधान्य मिळाले.

परंतु केवळ कौशल्याने उपजीविका चालत नाही. दुरुस्ती करणाऱ्या स्त्रीला मोबदला कोण देणार, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर गावाच्या सौर समितीने दिले. पूर्वी रॉकेलवर होणारा खर्च लक्षात घेऊन समितीने दरमहाची वर्गणी ठरवावी, ती घरोघरून गोळा करावी आणि तीतून या स्त्रीचे वेतन द्यावे, अशी व्यवस्था करण्यात आली. वर्गणी थांबली तर वेतन थांबते आणि दुरुस्तीअभावी दिवेही बंद पडतात. म्हणूनच प्रशिक्षणास आरंभ करण्यापूर्वी गावाची संमती मिळविणे आवश्यक मानले गेले.